पायलोनिडल सायनस: मधोमध टाके घालावेतच कशाला?

शंकेखोर: माकडहाडावरच्या खाचेत पायलोनिडल सायनस (कातडीखाली केस रुतून होणारी, पू येणारी नळीसारखी पोकळी) झाला की 'कापून टाकू, सरळ टाके घालू' असं अजूनही सांगितलं जातं. माझ्या मते हा पर्याय यादीतूनच काढावा. ती खाच खोल, घामट, केस तिथेच येऊन रुततात. आणि टाक्यांची ओळही नेमकी तिथेच! हा जन्मजात दोष नाही, बाहेरून शिरलेल्या केसांचा प्रताप आहे, हे पॅटी आणि स्कार्फ या डॉक्टरांनी १९४६ मध्येच मांडलं होतं. न्हाव्यांच्या बोटांच्या बेचक्यातही असाच सायनस होतो. मग केस रुतायची जागा तशीच ठेवून काय साधलं? टाके बाजूला न्या. सर्जन कॅरिडाकिस यांची पद्धत त्यासाठीच आहे.

उघडी_जखम: टाके हवेतच कशाला? जखम उघडी ठेवली की ती तळापासून भरत येते, आणि मधोमध शिवण्यापेक्षा दुखणं उलटण्याचं प्रमाणही कमी.

शंकेखोर: मधोमध शिवण्यापेक्षा कमी, मान्य. पण भरायला कित्येक आठवडे, कधी महिने. रोजचं ड्रेसिंग कोण करणार? ती जागा स्वतःला दिसतसुद्धा नाही. एकट्या राहणाऱ्याने काय करायचं?

छोटी_चीर: तुम्ही दोघं मोठ्या ऑपरेशनवरच अडून बसला आहात. दोन-तीन छिद्रं आणि थोडा पू, एवढ्यासाठी फ्लॅप, म्हणजे शेजारची कातडी सरकवून जखम झाकायची? सर्जन बॅस्कॉम यांनी १९८० मध्येच दाखवलं की छिद्रं तेवढी काढायची, पोकळी बाजूच्या चिरेतून साफ करायची. जागेपुरती भूल पुरते, माणूस लवकर कामाला लागतो. लिंबर्ग नावाच्या फ्लॅपमध्ये शेजारच्या कातडीचा चौकोनी तुकडा फिरवून बसवतात. खाच सपाट होते खरी, पण व्रण कायमचा, वर त्या भागाला बधिरपणा येऊ शकतो. विशीतल्या मुलांना हे आधी कुणी सांगतं का?

शंकेखोर: व्रणाचं पटलं. पण तुमच्या पद्धतीत खाच तशीच राहते, म्हणून उलटण्याची शक्यता फ्लॅपपेक्षा जास्त.

छोटी_चीर: उलटलं तर तीच छोटी प्रक्रिया पुन्हा करता येते. फ्लॅप फसला तर काय हाती उरतं ते बघा.

नवखी: लेझरने होतं म्हणे?

छोटी_चीर: त्यात नळी आतून जाळतात, केस नव्हे. केस मुळापासून घालवणारं लेझर वेगळं, आणि ते शस्त्रक्रियेला जोड म्हणून. आणि आत्ता ठणकणारं गळू असेल तर हा सगळा वाद बाजूला ठेवा. आधी पू काढून घ्या, तोही मध्यरेषेच्या बाजूला चीर देऊन. कायमचा इलाज सूज ओसरल्यावर.

शंकेखोर: इथे आपलं एकमत. पण वारंवार उलटलेल्या, दोन्हीकडे फाटे फुटलेल्या सायनसला छिद्रं टिपून भागणार नाही. तिथे फ्लॅपच.

उघडी_जखम: तो फ्लॅप सफाईने करणारा सर्जन मिळाला तर! नाहीतर माझी उघडी जखम परवडली.