बिनतारी ब्रॉडबँड जगभर वाढतंय, मग फायबर कशाला?

घाटमाथा:
'तार विसरा, एअरफायबर घ्या' हे हल्ली सोसायटीच्या प्रत्येक ग्रुपवर वाचायला मिळतं. एअरफायबर म्हणजे घरापर्यंत फायबरची (काचेच्या तंतूची) तार न आणता टॉवरवरून हवेतून दिलेलं इंटरनेट. वाढ खरीच आहे. अमेरिकेत टी-मोबाइल आणि व्हेरायझननं घरगुती ५जी विकून केबल कंपन्यांचे ग्राहक ओढले, आपल्याकडेही २०२३ पासून मोठ्या कंपन्या यात उतरल्या. तरी मला ही दिशा चुकीची वाटते. टॉवरची क्षमता आजूबाजूच्या सगळ्यांत वाटली जाते, आणि घरातला एक टीव्ही मोबाइलच्या कितीतरी पट डेटा ओढतो. आमच्या गच्चीवर एअरफायबरचा डबा बसवला तेव्हा वेग झकास होता. मग आसपासच्या बिल्डिंगांनीही कनेक्शन घेतली. आता रात्री नऊला मुलीचा क्लास अडकतो. पहाटे तोच डबा सुसाट असतो. शहरात तरी फायबरच हवं.

वाडीवरून:
शहरापुरतं ठीक आहे, पण आमच्याकडे घरं डोंगरउतारावर विखुरलेली आणि जमीन जांभ्याची. एका घरासाठी पाचशे मीटर चर खणायला कोण येणार? खणलाच, तर रस्त्याचं काम निघाल्यावर जेसीबीच्या पहिल्या फटक्यात केबल तुटते. सांधणारा माणूस तालुक्याहून येईपर्यंत अख्खी वाडी बंद. संयुक्त राष्ट्रांच्या आयटीयू या दूरसंचार संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातले सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटविना होते. त्यांनी तारेची वाट बघत बसायचं? भारतातले शंभरातले नव्वदहून जास्त ब्रॉडबँड ग्राहक बिनतारी आहेत, कारण बहुतेकांच्या दारात तार कधी आलीच नाही.

जुना_टेलिकॉमवाला:
दोघांनीही वायमॅक्स, म्हणजे बिनतारी ब्रॉडबँडचं जुनं तंत्र, आठवून बघा. दक्षिण कोरियानं २००६ मध्ये वायब्रो हा त्याचाच अवतार सुरू केला, अमेरिकेतल्या स्प्रिंट या मोबाइल कंपनीनं २००८ मध्ये बाल्टिमोरपासून सुरुवात केली. पाठीशी चिप बनवणारी इंटेल होती. हेच जग व्यापणार, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जायचं. पण मोबाइल कंपन्या आणि हँडसेटवाले एलटीईकडे, म्हणजे ४जीच्या तंत्राकडे, वळले आणि खेळ आटोपला. कोरियातली सेवाही २०१८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे २०१० च्या ब्रॉडबँड स्पेक्ट्रमच्या (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांच्या) लिलावातून सरकारला सुमारे साडेअडतीस हजार कोटी मिळाले. देशभरचा स्पेक्ट्रम जिंकलेली इन्फोटेल ही कंपनी रिलायन्सनं त्याच दिवशी विकत घेतल्याचं जाहीर केलं, आणि तोच २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ मध्ये जिओच्या ४जीच्या कामी आला. म्हणजे स्पेक्ट्रम टिकला, भंगारात गेले ते वायमॅक्सचे डबे आणि अँटेना. फायबरमध्ये काच तीच राहते, टोकाची यंत्रं बदलली की वेग वाढतो. शिवाय टॉवरलाही मागून जाडजूड जोडणी लागतेच. जुन्या मायक्रोवेव्ह लिंकवर (टॉवरला मागून जोडणाऱ्या बिनतारी दुव्यावर) चालणाऱ्या टॉवरकडून घरोघरी ५जीची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

वाडीवरून:
मग टॉवरपर्यंत फायबर आणा आणि पुढे हवेतून सोडा. त्याला माझा विरोध कधी होता?

घाटमाथा:
माझा आहे, पण शहरापुरता. दाट वस्तीत शेवटचे शंभर मीटरही तारेचेच हवेत. आणि '१०० एमबीपीएसपर्यंत' असं छापून विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला रात्री आठ ते अकराचा किमान वेगही छापायला लावा.

वाडीवरून:
तो नियम आधी खेड्यात लावा. तुम्हाला कंपनी बदलता येते. आमच्या खोऱ्यात टॉवरच एक आहे.