मदत हवी आहे: चेहऱ्याची उजवी बाजू आधी म्हातारी होतेय का?

नमस्कार मंडळी,

वय ४३, राहणार नाशिक, इंदिरानगर. पिंपळगाव बसवंतला अकाउंट्स शिकवते. १४ वर्षं झाली, रोज स्वतः गाडी चालवत जाते. सव्वाआठला निघायचं, पाचच्या सुमारास परत.

परवा भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले. एक डावीकडून काढलेला, एक उजवीकडून. दोन बहिणी वाटल्या, त्यातली एक थोरली. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याला सुरकुत्यांचं जाळं आणि गालावर वांगाचे डाग. डावा गाल त्या मानाने बराच बरा. सासूबाई म्हणाल्या, "एकाच कुशीवर झोपतेस ना, म्हणून." पण मी झोपते डाव्या कुशीवर.

हे भिशीत बोलून बसले आणि फसले. एका मैत्रिणीने लगेच कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) पावडर आणि 'पेशींचं वय मागे नेणाऱ्या' कॅप्सूल काढल्या. महिन्याचे साडेचार हजार. माहितीपत्रकात टेलोमिअर आणि नोबेलचा उल्लेख. तेवढं मी शोधलं. गुणसूत्रांच्या टोकाला टेलोमिअर असतात, पेशी विभागताना ते झिजतात, आणि ते गुणसूत्रांना कसं सांभाळतात यासाठी २००९ साली तिघांना नोबेल मिळालं, हे खरं आहे. पण ते शोधाला मिळालं, या कॅप्सूलला नव्हे.

खाणं खरं तेच सांगते. सकाळी चहा आणि चार बिस्किटं. दुपारी डब्यात पोळी-भाजी. मधल्या सुट्टीत पुन्हा चहा, घरी आल्यावर चहा-फरसाण, रात्री वरण-भात. चहा दिवसाचे चार, सगळे गोड. पाणी कमीच पिते, कारण तिकडच्या स्वच्छतागृहात जायची इच्छा होत नाही (बायकांना सांगायला नको). झोप साडेपाच तास.

पावडर घेऊ की तेच पैसे खाण्यावर घालू? आणि उजवाच गाल का?

---

घाटमाथा

ताई, तुमचा रस्ता नकाशावर बघा. पिंपळगाव नाशिकच्या ईशान्येला. सकाळी आडगाव नाक्यावरून पुढे निघालात की ऊन उजव्या खिडकीतून. संध्याकाळी ओझरहून परतताना सूर्य समोर, जरा उजवीकडे. १४ वर्षं दोन्ही वेळा एकच गाल.

काच बंद असली तरी फार फरक पडत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार, यूव्हीए आणि यूव्हीबी. त्वचा भाजते ती मुख्यतः यूव्हीबी किरणांनी, आणि ते काचेत बहुतेक अडतात. यूव्हीए मात्र बाजूच्या साध्या काचेतून आत येतात, त्वचेत खोल जातात आणि कोलॅजन मोडतात. आग होत नाही, म्हणून कळत नाही. पुढची काच दुपदरी असते, ती बरंच अडवते. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला, डावा अर्धा चेहरा पार सुरकुतलेला. तिकडे चालक डावीकडे बसतो.

आपल्या मुली स्कूटीवर डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळतात आणि कारमध्ये बसल्या की स्कार्फ मागच्या सीटवर टाकतात. तुम्ही टाकू नका. एसपीएफ ३० किंवा जास्त आणि पीए+++ लिहिलेलं सनस्क्रीन घ्या. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीसाठी असतो, यूव्हीएसाठी पीए बघायचं. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लागतं, वाटाण्याएवढ्याने काही होत नाही. परतताना पुन्हा लावा, सकाळचं तोवर उरत नाही.

मटकीउसळ

पावडरीबद्दल. कोलॅजन हे प्रथिनच आहे. पोटात गेलं की त्याची अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे होतात, ते तुमच्या उजव्या गालाचा पत्ता विचारत जात नाहीत. काही छोट्या अभ्यासांत त्वचेचा ओलावा थोडा वाढलेला दिसला, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांना पैसा विकणाऱ्यांचाच. शिवाय त्यात ट्रिप्टोफॅन नसतं, म्हणजे प्रथिन म्हणूनही ते अपुरं.

शरीर स्वतःचं कोलॅजन बांधतं, त्याला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं. तुमच्या दिवसात दोन्हीचा दुष्काळ आहे. वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन धरा. ६० किलोला साधारण ५० ग्रॅम. एका अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यात ७-८. बिस्किटांच्या जागी अंडी किंवा मोडाची मटकी, वर लिंबू. मधल्या सुट्टीत चहाऐवजी पेरू: १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व, आणि बाईची दिवसाची गरज ६५. जवसाची चटणी डब्यात असू द्या. महिनाभर हे सगळं साडेचार हजारांत बसून वर भिशीचा हप्ता निघेल.

बेदाणा

रोज पिंपळगावला जाऊन द्राक्षं कोणीच कशी सुचवली नाहीत? सालीत रेझव्हेराट्रॉल (म्हातारपण लांबवतं म्हणतात ते द्रव्य) असतं म्हणे!

मटकीउसळ

असतं, पण नावापुरतं. द्राक्षं गोड लागतात म्हणून खा. वाइनला मात्र हे कारण चालणार नाही.

दिंडोरीकर

एक विचारतो, राग मानू नका. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली आहे का? तसं असेल तर पार्लरमध्ये घासून घेऊ नका, रक्तातली साखर तपासा. ते बरेचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. जास्तीची साखर प्रथिनांना चिकटते. एचबीएवनसी या रक्ततपासणीत हिमोग्लोबिनला चिकटलेली मोजतात. लाल पेशी तीन-चार महिन्यांत बदलतात, पण कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं, ते ताठर होत जातं. चार गोड चहांचा हिशोब तिथे लागतो.

वांगावर मेडिकलवाल्याने दिलेलं गोरेपणाचं क्रीम लावू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर आधी उजळतं, मग त्वचा पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवा. आणि झोप साडेपाच तास पुरत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आज सकाळी दहाव्या मैलाजवळ मुद्दाम हात खिडकीशी धरून बघितला. ऊन थेट कोपरापर्यंत. एवढी वर्षं मी फक्त एसीचा विचार करत होते.

मान बघितली. किंचित काळी आहे, म्हणून शनिवारी उपाशीपोटी रक्त देणार आहे. चहा चारावरून दोनवर आणलाय, दुसऱ्या दिवशीच डोकं दुखलं. पेरू पिंपळगावच्या बाजारातून घेतले. सनस्क्रीन लावून गेले तर वर्गात मुली म्हणाल्या, "मॅडम, पावडर जास्त झाली." पांढरा थर न दिसणारं काही असेल तर सांगा.

आणि गुरुवारी भिशी माझ्याच घरी आहे. मैत्रीण पावडरचा डबा घेऊन येणार, हे नक्की. तिला न दुखावता नाही कसं म्हणायचं?