जबड्याखाली पाणी, कॅनॉलकडची मेंढरं: लिव्हर फ्लूकच ना?

फलटणचा_गडी:
राम राम मंडळी. माझी 22 मेंढरं आहेत, बहुतेक माडग्याळ. पाऊस उघडल्यापासून नीरा उजव्या कालव्याच्या पाझराच्या पट्ट्यात चारतोय, हिरवं दुसरीकडं कुठं राहिलंय? आता तिघींच्या जबड्याखाली पाणी उतरलंय. संध्याकाळी चरून आल्या की मोठा फुगा, सकाळपर्यंत निम्मा. लोकर नुसती ओढली तरी हातात येते. दुकानदारानं आयव्हरमेक्टिन दिलं, टोचलं, फरक शून्य. परवा एक मेली. फाडली तर काळीज (लिव्हर) टणक, आतल्या नळ्या जाड, आणि दाबल्यावर चपटे, पानासारखे किडे बाहेर. काय पाजू? काही गाभण आहेत.

माणदेशी_वाडा:
चपटे किडे दिसले म्हणजे फ्लूकच, काळजातला चपटा कृमी. त्याची पिल्लं पाण्यातल्या शंखांत (गोगलगायींत) वाढतात. डबक्यात मोरचूद टाका, शंख मरतात. आमच्या शेजाऱ्यानं केलंय.

दवाखाना_निवृत्त:
मोरचूद टाकू नका! त्यात तांबं असतं, आणि तांबं मेंढीला गाईपेक्षा कितीतरी लवकर बाधतं. काळजात साठत जातं आणि एक दिवस मेंढी लाल लघवी करून पडते. फ्लूकनं आधीच कुरतडलेल्या काळजाला तर ते अजिबात सोसायचं नाही.

आता औषध. आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर चालतं, फ्लूकला त्याचं काही नाही. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या किड्यावर चालतं, पण काळीज पोखरत फिरणारी पिल्लं सुटतात. पिल्लांसकट मारायचं तर ट्रायक्लाबेंडाझोल, किलोला 10 मिलीग्रॅम. 30 किलोच्या मेंढीला 300. अंदाजानं नको, काट्यावर चढवा. आपल्या लोकांचा अंदाज नेहमी कमीच निघतो आणि कमी डोसनं किडा मरायच्या ऐवजी सरावतो. क्लोझँटेल हेही फ्लूकवरचं औषध, पण त्याचा डोस जास्त झाला तर मेंढी आंधळी होते. गाभणीचा पहिला महिना असेल तर अल्बेंडाझोल हे कृमीचं औषध टाळा. चिठ्ठी डॉक्टरांकडूनच घ्या.

फलटणचा_गडी:
दादा, महिन्यापूर्वी लेंड्या तपासल्या होत्या, “कृमी नाहीत” असा रिपोर्ट आला. मग हे कुठून आलं?

दवाखाना_निवृत्त:
दोन कारणं असू शकतात. फ्लूकचं अंडं जड असतं, मिठाच्या पाण्यात तरंगवून बघितलं तर सापडत नाही. लेंडी साध्या पाण्यात कालवून, गाळून, खाली बसलेला गाळ बघायला सांगा. दुसरं, किडा पोटात गेल्यावर अंडी घालायला तीन महिने तरी घेतो, तोवर रिपोर्ट कोराच येणार. शिवाय जबड्याचं पाणी एकट्या फ्लूकचं नसतं, रक्त पिणारा गोलकृमीही तेच करतो. तुम्ही मेंढी फाडून बघितलीत म्हणून इथं शंका राहिली नाही.

औषधापेक्षा तो पट्टा महत्त्वाचा. शंखातून निघालेली पिल्लं पाण्याकाठच्या गवताच्या बुडख्याला कवच करून चिकटतात. ओलावा असेल तर महिनोन्‌महिने जगतात, कडक उन्हात मरतात. म्हणून बाभळीचे काटे लावून तो पट्टा बंद करा. पाणी हौदात पाजा, आणि हौद गळत असेल तर आधी गळती बुजवा, नाहीतर तिथंच नवं डबकं.

कोकणवाट:
आमची मेंढरांची खांडं (कळप) भातकापणीनंतर खाली कोकणात खाचरांत बसतात, तिथंही हाच त्रास. धसकटातली ओली जागा सोडून वरकस (उंचावरच्या कोरड्या) रानात चारायचं, एवढं पाळतो. बदकं शंख खातात म्हणतात, पण सारखं फिरणाऱ्याला बदकं कुठली!

फलटणचा_गडी:
काटे आजच लावतो. डोस एकदाच पुरे का?

दवाखाना_निवृत्त:
पट्टा खरंच बंद केलात तर तीन-साडेतीन महिन्यांनी लेंडी तपासून ठरवा. चोरून चारलीत तर पुन्हा पाजावं लागणार. आणि सगळ्या 21 मेंढ्यांना पाजा, फुगा असलेल्यांनाच नको.