विंडोज ७: लाइन (वीज) गेली की रजिस्ट्री एरर, फॉरमॅट मारू का?

खटाटोप_खामला
घरचा असेंबल केलेला डेस्कटॉप, साल २०१२. विंडोज ७, रॅम २+२ जीबी, ५०० जीबी हार्ड डिस्क. लाइन गेली की हमखास, एरवीही अधूनमधून, चालू होताना निळा पडदा येतो. कोडच्या शेवटी २१८, आणि सॉफ्टवेअर नावाची हाइव्ह (रजिस्ट्रीची फाइल) लोड होत नाही असं लिहिलेलं. दोन-तीनदा बंद-चालू केलं की सुरू होतो. रजिस्ट्री क्लीनरनं नऊशे ‘चुका’ काढल्या, फरक शून्य. नागपुरात बर्डीच्या बाजारात विचारलं तर फॉरमॅट मारा म्हणतात.

रॅमराम
फॉरमॅट थांबवा भाऊ, आणि तो क्लीनर आधी काढा. त्याच्या ‘चुका’ म्हणजे काढून टाकलेल्या प्रोग्रामांच्या उरलेल्या नोंदी. निळ्या पडद्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगांचा साठा: सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातल्या सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी, डीफॉल्ट या पाच फायली, शिवाय प्रत्येक युजरची एकेक वेगळी. विंडोज त्यांत सतत लिहीत असते, त्यामुळे डिस्क, केबल, रॅम, वीज, काहीही बिघडलं तरी मार यांनाच बसतो. बंद-चालू केल्यावर सुरू होतं याचा अर्थ फाइल कायमची खराब नाही, वाचताना अडखळतेय.

आधी कामाचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) उघडून ०५, सी५, सी६ (तिन्ही खराब जागांची मोजदाद) आणि सी७ या ओळींचे रॉ, म्हणजे मूळ, आकडे बघा. आकडे हेक्समध्ये दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल तर डिस्कचा पृष्ठभागच जातोय. अशा डिस्कवर चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या कमांडचा ‘आर’ स्विच लगेच चालवू नका. तो सगळी डिस्क वाचतो, ५०० जीबीला कित्येक तास घेतो, आणि आधीच आजारी डिस्क त्यातच मान टाकू शकते. आकडे स्वच्छ असतील तर आधी चेकडिस्कचा ‘एफ’ स्विच, मग ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाउ, ती विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासते.

बर्डीकर_बाबा
लाइन गेल्यावरच होतं ना, मग यूपीएस तपासा. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते. आपल्याकडं नवतपात, मे अखेरच्या कडक उन्हात, बंद खोलीत ती उकडून निघते. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. चाचणी कॉम्प्युटरवर करू नका राजेहो! यूपीएसवर १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि भिंतीचं बटण बंद करा. मिनिटाच्या आत विझला तर बॅटरी बदला.

आणि खोलीतला कूलर त्याच प्लगच्या बोर्डवर असेल तर काढा. मोटर सुरू होताना व्होल्टेज दबतं, आणि जुन्या एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) बिघडायला तेवढं पुरतं. कूलरची दमट हवा कॅबिनेटवर सरळ येत असेल तर तेही टाळा, आतली धूळ ओली होऊन चिकटते.

रॅमही राहू देऊ नका. काढून तिची सोनेरी कड खोडरबरनं पुसा, मग रॅमची एकेक पट्टी वेगळी लावून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चार फेरे. एक जरी एरर आला तरी ती पट्टी बाद.

खटाटोप_खामला
०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. सी७ मात्र ११८४. बल्ब वीस सेकंदांत विझला.

रॅमराम
सापडलं म्हणायचं. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेवर डेटा खराब झाल्याची मोजदाद. बहुतेकदा साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) ढिली किंवा जुनी असते. क्लिप असलेली नवी केबल घ्या, मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. केबल बदलली तरी ११८४ खाली येणार नाही, तो आकडा कधीच उतरत नाही. लिहून ठेवा, आठवड्यानं पुन्हा बघा. तिथंच थांबला असेल तर केबलच होती. वाढला तर मदरबोर्डचा पोर्ट किंवा डिस्कची सर्किट प्लेट.

बॅटरी येईपर्यंत डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीज टॅबवर राइट कॅशिंगची (लिहायचा डेटा आधी मेमरीत साठवण्याची) टिक काढून ठेवा. मशीन थोडं मंद होईल, पण लाइन गेली तर अर्धवट लिहिलेलं कमी हरवेल.

पुढं कधी मशीन उठलंच नाही तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून कॉन्फिगच्या आतला रेगबॅक फोल्डर बघा, त्यात रजिस्ट्रीच्या पाच फायलींच्या जुन्या प्रती असतात. तिथं सी ड्राइव्हचं अक्षर बऱ्याचदा डी होतं, गोंधळू नका. पाचही फायलींची तारीख जवळपासची आणि साइज शून्य नसेल तरच, आधी कॉन्फिगमधल्या चालू फायली दुसऱ्या फोल्डरात ठेवून, पाचही एकदम आणा. सॅम जुनी आली की पासवर्डही त्या तारखेचा लागतो.

बर्डीकर_बाबा
विंडोज १० वर मात्र रेगबॅकच्या भरवशावर राहू नका, १८०३ आवृत्तीपासून तो रिकामाच असतो. आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून अपडेट नाहीत, बँकेची कामं या मशीनवर नकोत.