मदत हवी आहे: अलिबाग ते पणजी, सायकल कोणती घेऊ?
नमस्कार मंडळी, डिसेंबरात सागरी मार्गाने अलिबाग ते पणजी सायकलने जायचंय. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे फेरीबोट. सामान ७ किलोच्या आत. तंबू नाही, मुक्काम घरगुती.

रोडबाईकचे २५ मिमी टायर उखडलेल्या पट्ट्यांवर नकोसे वाटतात. हायब्रिडच्या (रोडबाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधली सायकल) सरळ हँडलवर दुपारपर्यंत माझे तळवे बधिर होतात. म्हणून ओढा ग्रॅव्हल बाईककडे (खाली वळलेल्या हँडलची, खराब रस्त्यांवरही चालणारी सायकल): ३८ मिमी टायर, डिस्क ब्रेक.

खरी काळजी चढांची. खाडी ओलांडली की लगेच छातीवरचा चढ, तोही भर उन्हात. पुढची लहान चकती ३० दातांची आणि मागची सर्वांत मोठी ३४ दातांची असेल तर पुरेल का? गुडघा जुना दुखरा आहे, त्याला जपायचंय.

कॅरिअर लावू की सीटमागची मोठी बॅग पुरे? बजेट ८०,०००. हा रस्ता केलेल्यांनी जरूर सांगा.