लघवीचं इन्फेक्शन झालं आणि बाबांचं चालणंच थांबलं. जंतूंचा पार्किन्सन्सशी संबंध असतो का?

रेवा:
बाबांना पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात लघवीचं इन्फेक्शन झालं. ताप फारसा नव्हता, पण दोन दिवसांत पाऊल उचलेना. दारातून जाताना तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे. शर्टाचं वरचं बटण काजात घालायला दहा मिनिटं लागली, शेवटी मीच लावलं. अँटिबायोटिकनंतर आठवडाभरात बरेच सावरले. पण मनातून जात नाही: त्या जंतूंनी मेंदूचं आणखी नुकसान केलं असेल का? आणि मुळात हा आजारच जंतूंमुळे होतो का? हात थरथरायच्या कितीतरी आधीपासून त्यांना बद्धकोष्ठ होतं, वासही येत नव्हता.

माधव:
रेवाताई, माझ्या आईचं दोनदा असंच झालं. आता ती अचानक गळाली की डॉक्टर गोळ्या वाढवण्याआधी लघवी तपासतात. इन्फेक्शन उतरलं की ती हळूहळू पूर्वपदावर येते. कधी मात्र थोडं मागेच राहतं.

सुमेधा (मेंदूविज्ञानाची अभ्यासक):
बद्धकोष्ठ आणि वास जाणं या तुमच्या निरीक्षणाला फार महत्त्व आहे. 2003 मध्ये जर्मन मेंदूसंशोधक हाइको ब्राक यांनी मांडलं, की आजाराची सुरुवात आतड्यात किंवा नाकाजवळ होत असावी आणि अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या आतडं आणि मेंदूला जोडणाऱ्या व्हेगस नसेवाटे वर मेंदूकडे सरकत असाव्यात. सगळ्याच रुग्णांना हे लागू होत नाही.

2019 मधला उंदरांवरचा प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. पार्किन्सन्सशी संबंध असलेलं पिंक1 जनुक नसलेल्या उंदरांना लहानपणी आतड्याचा जिवाणूसंसर्ग झाला. तो बराही झाला. पण पुढे त्यांच्या हालचाली बिघडल्या आणि लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं नेहमीचं औषध दिल्यावर सुधारल्या. म्हणजे संशय जंतूंइतकाच त्यांच्याशी लढताना बिथरलेल्या प्रतिकारशक्तीवरही आहे. माणसांत मात्र अमुक जिवाणूमुळेच पार्किन्सन्स होतो, असं सिद्ध झालेलं नाही.

रेवा:
मग पोटातल्या एच. पायलोरीवर उपचार केले तर चालणं सुधारेल का?

सुमेधा:
तो जिवाणू लेव्होडोपा नीट शोषू देत नाही, असं काही अभ्यासांत दिसलं होतं. पण 2020 च्या एका चाचणीत तो घालवूनही हालचालींत फरक पडला नाही. बाबांना पोटाचा त्रास असेल तर त्यासाठी तपासून घ्या.

रेवा:
हो, सोमवारी डॉक्टरांना विचारते. इन्फेक्शन कधी सुरू झालं, पाय कधी अडले, सगळं तारखांसकट वहीत लिहिलंय. आज बटण त्यांनी स्वतः लावलं, सावकाश, पण लावलं.