शेजाऱ्यांचे निकाल, आपली कोर्टं: दक्षिण आशियाने एकत्र नियम करावेत का?

दिवाणी_शिवाजीनगर
भोसरीच्या एका कारखानदाराने नेपाळमधल्या व्यापाऱ्याला भातगिरणीची यंत्रं पाठवली. पहिला हप्ता आला, पुढचे बुडाले. करारात ‘वाद पुण्याच्या कोर्टात’ असं छापलेलं होतं, म्हणून दावा इथे लावला आणि जिंकलाही. पण देणेकऱ्याची भारतात काडीची मालमत्ता नाही, आणि पुण्याचा हुकूमनामा (डिक्री) घेऊन थेट तिकडे वसुलीची दरखास्त लावता येत नाही. पक्षकार मला विचारतो, “वकीलसाहेब, मग मी जिंकलो म्हणजे नेमकं काय झालं?”

उलट बाजूनेही तीच गत. परदेशी निकाल इथे थेट बजावायला दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 44अ आहे, पण ते केंद्राने अधिसूचित केलेल्या देशांपुरतंच. त्या यादीत ब्रिटन, सिंगापूर, मलेशिया, न्यूझीलंड आहेत, फिजी आणि पापुआ न्यू गिनीसुद्धा आहेत. शेजारी म्हणावा तर बांगलादेश. नेपाळ नाही, श्रीलंका नाही. तिथला निकाल आणलात तर त्याच्या आधारावर तीन वर्षांच्या आत इथे नवा दावा लावा, पुन्हा कोर्ट फी भरा. (पापुआ न्यू गिनीशी पुण्याचा असा कोणता मोठा व्यवहार चालतो, हे मला कोणी सांगेल का?)

दक्षिण अमेरिकेतल्या देशांनी 1889 मध्ये माँटेव्हिडिओला बसून कोणत्या वादाला कोणाचा कायदा लावायचा हे ठरवलं. देशोदेशींचे असे नियम जुळवणारी हेगची पहिली परिषद त्यानंतरची, 1893 ची. दावा कुठे लावायचा आणि निकाल एकमेकांकडे कसे बजावायचे, यावर युरोपने 1968 मध्ये ब्रुसेल्स करार केला. आफ्रिकेत 1993 च्या करारातून ‘ओहादा’ ही संघटना उभी राहिली, आज 17 देशांत व्यापाराचे सामायिक कायदे आहेत आणि आबिजानला सामायिक कोर्ट आहे. आपल्याकडे 1985 पासून सार्क आहे. फौजदारी सहकार्याचा करार 2008 मध्ये झाला. दिवाणीचं नावही नाही.

माझं मागणं मोठं नाही. दावा कुठे लावायचा, समन्स कसं बजवायचं आणि पैशाचा हुकूमनामा कसा वसूल करायचा, एवढ्या तिन्हींवर शेजाऱ्यांनी एक करार करावा. कोणी आपला कायदा बदलायला नको.

कर्वेनगरचे_काका
सार्क? ज्या संघटनेची शेवटची शिखर परिषद 2014 साली काठमांडूला झाली, ती? 2016 ची इस्लामाबादला व्हायची होती, ती रद्द झाली, त्यानंतर सगळं थंड. सार्कची लवाद परिषदही इस्लामाबादलाच आहे. जा आता पक्षकाराला घेऊन.

आणि तुमच्या कारखानदाराने करारात लवादाचं कलम, म्हणजे कोर्टाऐवजी खाजगी पंचाकडे जायचं, का घातलं नाही? न्यूयॉर्क करार 1958 चा. भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान सगळे त्यात आहेत. लवादाचा निवाडा सीमेपलीकडे बजावता येतो. जे आहे ते वापरायचं नाही आणि नवीन करार मागायचे.

दिवाणी_शिवाजीनगर
काका, व्यवहार अकरा लाखांचा. लवादाची फी, वकील, जागा, प्रवास यात त्यातले किती उरतील? मोठ्या कंपन्यांसाठी लवाद ठीक आहे. भोसरीतल्या दहा कामगारांच्या शेडमध्ये करार म्हणजे कोटेशनच्या मागे छापलेल्या चार ओळी.

आखातातून_वडगावशेरी
दुसरी बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. अमिरातीशी दिवाणी सहकार्याचा करार 1999 मध्ये झाला आणि 44अ ची अधिसूचना जानेवारी 2020 मध्ये आली. वीस वर्षं कोणाला घाई नव्हती. आली तेव्हा फायदा झाला तिथल्या बँकांचा. आमच्या सोसायटीतल्या एकाची नोकरी शारजात गेली, क्रेडिट कार्डाचं कर्ज मागे राहिलं. तो परत आल्यावर समन्स जुन्या फ्लॅटच्या पत्त्यावर गेलं, जिथे तोपर्यंत दुसरं कुटुंब राहायला आलेलं. निकाल एकतर्फी. आता इथल्या फ्लॅटवर जप्ती येईल या धास्तीने त्याचे आईवडील झोपत नाहीत. मूळ कर्ज किती, व्याज किती, याचा हिशोबसुद्धा कोणी दिलेला नाही.

निकाल सहज फिरू लागले की ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे तो आधी येतो. तुमचा भातगिरणीवाला रांगेत शेवटी.

दिवाणी_शिवाजीनगर
त्यांना सांगा, घाबरू नका, पण स्वस्थही बसू नका. 44अ असलं तरी त्याच संहितेच्या कलम 13 चे अपवाद, म्हणजे परदेशी निकाल कधी मानायचा नाही ते, लागू राहतात. पुरावा न तपासता, केवळ प्रतिवादी आला नाही म्हणून दिलेला निकाल गुणवत्तेवरचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या खटल्यात म्हटलं आहे. प्रतिवादीला नीट संधीच मिळाली नसेल तर तोही बचाव आहे. नोटीस आली की हजर राहून हे मुद्दे घ्यायला सांगा.

आणि जुन्या पत्त्यावर समन्स चिकटवलं ही तक्रार माझ्याच बाजूची नाही का? बजावणी कशी व्हावी हे करारातच बांधून घेतलं तर अशा निकालाला दारातच अडवता येईल.

इतिहासवेडा_सदाशिव
वकीलसाहेबांना एक जुना खटला आठवतोय का? ग्वाल्हेरच्या सरदार शितोळ्यांचा. 1948 मध्ये ग्वाल्हेरच्या कोर्टाने उत्तर प्रदेशातल्या प्रतिवादींविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा दिला. नंतर संस्थानं विलीन झाली, राज्यघटना आली, हुकूमनामा बजावणीसाठी अलाहाबादला गेला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की निकाल दिला त्या दिवशी ग्वाल्हेरचं कोर्ट त्या प्रतिवादींसाठी परकं होतं, ते तिथे हजर झाले नव्हते, सबब इथे बजावणी नाही. एका झेंड्याखाली आल्यावरही जुन्या निकालाला पाय फुटले नाहीत! आणि तुम्ही वेगवेगळ्या झेंड्यांचे देश एका कागदावर आणणार.

उलट गोव्याचं पाहा. पोर्तुगीज नागरी संहिता तिथे आजही चालते. गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मुंबईतली मालमत्ता वारसांत कशी वाटायची, हा प्रश्न 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि उत्तर आलं: गोव्याच्या कायद्याने. कायदे दोन, पण निवाडा करणारं कोर्ट वर एकच बसलेलं आहे. दक्षिण आशियाच्या डोक्यावर असं कोर्ट कोणतं?

माहेरी_पाषाण
सगळे पैशांबद्दल बोलताय. मी मुलीला घेऊन अमेरिकेतून परत आले. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून, खातं जॉइंट, त्यातले पैसे आधीच काढलेले. घटस्फोटाची नोटीस ईमेलवर आली. उत्तर द्यायला मोजकेच दिवस आणि तिथला वकील तासावर पैसे घेणारा. 1991 च्या नरसिंह राव निकालामुळे मी टिकले. परदेशी घटस्फोट इथे मान्य व्हायचा तर साधारणपणे आपल्या विवाहकायद्यातलं कारण हवं, आणि मी तिथलं अधिकारक्षेत्र स्वेच्छेने मानलेलं हवं. तुमच्या सुसूत्रीकरणात हा बांध फुटला तर?

मुलं परत पाठवण्याचा 1980 चा हेग करार श्रीलंका आणि पाकिस्तानने स्वीकारला, भारताने नाही. मला त्याचं दुःख नाही. आज ‘फक्त पैशाचे निकाल’ म्हणाल, उद्या पोटगी आणि ताबा याच दारातून आत येतील.

हिंजवडी_फेज_दोन
ताई, तुमचं पटतं, पण माझ्या मावसबहिणीचं उलटं झालं. मुलगा इथे शाळेत होता. बाप ‘सुट्टीत आजीला भेटवून आणतो’ म्हणून घेऊन गेला तो परतलाच नाही. इथल्या कोर्टाचा ताब्याचा आदेश तिच्या हातात आहे, तिकडे त्याला कोणी विचारत नाही. करार नसल्याचा फायदा कायम आईलाच होतो असं नाही.

माहेरी_पाषाण
मान्य. म्हणूनच म्हणते, हे दिवाणी वसुलीच्या कागदात कोंबू नका. स्वतंत्र कायदा करा, त्यात मारहाणीचा विचार आधी करा.

एलएलएम_डेक्कन
मला वाटतं प्रश्नच चुकीच्या पातळीवर विचारलाय. प्रदेश कशाला? भारत 2008 पासून हेग परिषदेचा सदस्य आहे. अपॉस्टिल, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात एका शिक्क्यावर खरा मानण्याचा हेग करार, 2005 पासून लागू, समन्स बजावणीचा करार 2007 पासून. पाकिस्तान 2023 मध्ये आणि बांगलादेश 2025 मध्ये अपॉस्टिलमध्ये आला, सार्कला कोणी विचारलंही नाही. निकालांच्या मान्यतेचा 2019 चा हेग करारही तयार आहे, 2023 पासून लागू झालाय. तोच घ्या. कौटुंबिक बाबी त्यात मुळातच वगळलेल्या आहेत, म्हणजे ताईंची शंकाही मिटते.

प्रादेशिक करारात शेजाऱ्यांचं भांडण आत येतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तेव्हा ब्रुसेल्सचे नियम गेले, तसेच नियम असलेल्या लुगानो करारात परत यायला युरोपने संमती दिली नाही. शेवटी हा 2019 चा करारच कामी आला, ब्रिटनसाठी जुलै 2025 पासून.

दिवाणी_शिवाजीनगर
मुद्दा चांगला आहे, पण हेगचा करार दोन्ही बाजूंनी स्वीकारेपर्यंत माझ्या पक्षकाराचा नातू कारखाना चालवत असेल. नेपाळने 2017 च्या आपल्या नागरी संहितेत खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्यावर (म्हणजे दोन देशांत अडकलेल्या दिवाणी वादांच्या नियमांवर) स्वतंत्र भाग घातला, 2018 पासून तो लागू आहे. आपल्याकडे असा एकसंध कायदाच नाही, निकालपत्रं चाळत बसावं लागतं. नेपाळशी सुरुवात करा, सार्क राहू दे बाजूला. काका, यावर तरी?

कर्वेनगरचे_काका
दोन देशांत करायचं असेल तर माझी हरकत नाही. पण मग धाग्याला ‘दक्षिण आशिया’ कशाला म्हणालात? आणि करार झाला तरी अधिसूचना निघायला अमिरातीसारखी वीस वर्षं लागली तर काय करणार? तोवर कारखानदाराला सांगा, बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट (एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) आल्याशिवाय माल ट्रकमध्ये चढवू नको.

दिवाणी_शिवाजीनगर
तेच करतोय तो. एलसीचा खर्च किमतीत चढवल्यावर नेपाळच्या पुढच्या दोन ऑर्डरी दुसऱ्या पुरवठादाराकडे गेल्या.